पंचेचाळीस दिवसांच्या बाळाची शाळा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये आखातातील, विशेषतः संयुक्त अरब अमिरातीतील, नर्सरी आणि शिशुकेंद्रांविषयी विचारणा करणारी पत्रे पुष्कळ होती. कोणाला तिथे मूल घेऊन जायचे आहे, कोणाला शिकवायला जायचे आहे आणि कोणाला चक्क दुकान मांडायचे आहे. मी स्वतः नऊ वर्षे तिथल्या शिशुवर्गांत काम करून पुण्याला परतले आहे आणि सध्या इथे बालवाडी शिक्षिकांना प्रशिक्षण देते. त्यामुळे संपादकांनी ही सारी पत्रे एकगठ्ठा माझ्याकडे सोपवली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : मला दुबईतील एका कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव आला आहे. पत्नीही संगणक क्षेत्रात आहे आणि तिला तिथे नोकरी करायची आहे. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. तिथल्या मित्राने सांगितलेला नर्सरीचा खर्च ऐकून आम्ही हबकलो. एवढ्या लहान मुलांना सांभाळण्याचे इतके पैसे का पडतात, आणि आम्ही हिशेब कसा मांडावा? — एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमची मुलगी पाच महिन्यांची आहे, म्हणजे तिथल्या रीतीने पाहता ती वर्गात थोडी उशिराच येणार आहे. दुबईतील शिशुकेंद्रांत ४५ दिवसांच्या बाळाला प्रवेश मिळतो. हा आकडा बालमानसशास्त्रापेक्षा रजेच्या कायद्याशी अधिक जुळतो. खासगी नोकरीतील बाळंतिणीला तिथे पूर्वी ४५ दिवसांची भरपगारी रजा असे. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्याने ती ६० दिवसांची झाली, त्यांपैकी ४५ दिवस पूर्ण पगार आणि उरलेले १५ दिवस अर्धा पगार. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. हा फरक लक्षात घेतला, आणि आजी-आजोबा पुण्यात व आई-वडील दोघेही दुबईत कामावर हे चित्र डोळ्यांसमोर आणले, की तिथल्या नर्सरीच्या बाजारपेठेचा निम्मा उलगडा होतो. तिथली नर्सरी ही आपल्यासारखी सकाळची दोन तासांची शाळा नसून ती आधी पाळणाघर आहे आणि मग शाळा आहे.

आता खर्चाकडे वळू. तिथल्या बहुसंख्य नर्सऱ्या इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या चौकटीवर चालतात. त्या चौकटीत दोन वर्षांखालील दर तीन बाळांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी लागते. म्हणजे तीन बाळांच्या शुल्कातून एका बाईंचा पगार, व्हिसा, आरोग्यविमा आणि मायदेशीचे तिकीट निघाले पाहिजे. शिवाय परिचारिका, स्वयंपाकघर, चोवीस तास चालणारी वातानुकूलन यंत्रणा आणि या सगळ्यावर ताण करणारे जागेचे भाडे. साध्या नर्सरीत पूर्ण दिवसाच्या जागेला वर्षाला वीस हजार दिरहमांच्या आसपास आणि नामांकित ठिकाणी पन्नास हजारांच्या पुढे पडतात, ते यामुळे.

हे आकडे चोवीसने गुणून रुपये काढत बसू नका. त्याने केवळ झोप उडते. दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की पुण्यात बसून तो खर्च वाढल्यासारखा वाटतो, पण तुमचा पगारही दिरहमातच येणार असतो. पत्नीला मिळू शकणाऱ्या पगारातून शुल्क, नर्सरी सुटल्यानंतरच्या जादा तासांचे पैसे आणि ने-आणीचा खर्च वजा करून काय उरते, एवढेच पाहा. जादा तासांचा मुद्दा मुद्दाम लिहिते आहे, कारण माहितीपत्रकावर छापलेले शुल्क पुष्कळदा दुपारी एकपर्यंतचे असते आणि तुमची कार्यालये सहाला सुटतात. तसेच ‘शिक्षणभत्ता’ हा शब्द प्रस्तावात वाचून निर्धास्त होऊ नका. अनेक कंपन्यांचा भत्ता केजीपासून सुरू होतो, नर्सरीला लागू होत नाही. तो आत्ताच लेखी विचारून घ्या.

आणखी एक बारकावा. भाडे परवडते म्हणून पुष्कळ मराठी कुटुंबे शारजात राहतात आणि कामाला दुबईत जातात. जानेवारी २०२२ मध्ये अमिरातीने शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा केला. शारजाने मात्र शुक्रवारसह तीन दिवसांची सुट्टी ठेवली. त्यामुळे शुक्रवारी सकाळी तुम्हा दोघांना दुबईत हजेरी आहे आणि घराजवळची नर्सरी बंद आहे, असा प्रसंग येऊ शकतो. नर्सरी शुक्रवारी उघडी असते का, हा प्रश्न मी प्रवेश अर्ज भरण्याच्याही आधी विचारला असता.

प्रश्न : माझी नणंद दुबईत करामा भागात राहते. तिच्या इमारतीत एक बाई घरातच सात-आठ मुले सांभाळतात आणि नर्सरीच्या निम्म्याहूनही कमी पैसे घेतात. त्या आपल्याच भाषेच्या आहेत, जेवणही घरचे. मग नर्सरीचा एवढा खर्च का करावा, असे तिचे म्हणणे आहे. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : नणंदबाईंची अडचण मला समजते आणि त्या बाई प्रेमळ असतील याविषयीही मला शंका नाही. तरीही हे करू नये. नर्सरीसंबंधीच्या २०२२ च्या संघीय कायद्यानुसार परवान्याशिवाय असे केंद्र चालवता येत नाही आणि निवासी सदनिकेत मुले गोळा करून सांभाळणे त्यात मोडते. दंडाची भीती त्या बाईंना आहे. तुमच्या भाचरांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. सातव्या मजल्यावरच्या घरात एक बाई आठ मुलांसह आहेत, त्यांतील दोन रांगणारी, आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला आहे. एखाद्याच्या घशात काही अडकले, तर कोणाला हाक मारायची? नर्सरीत परिचारिका असते, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग असतो, दारावर नोंद असते.

मोलकरीण किंवा दाई घरी ठेवण्याचा कायदेशीर मार्ग आहे, पण तिला व्हिसा देण्यासाठी कुटुंबाचे मासिक उत्पन्न २५,००० दिरहम असावे लागते आणि तिथेच बहुतेकांचे गाडे अडते. म्हणून मग दोन्हीकडच्या आज्या आळीपाळीने पर्यटक व्हिसावर येऊन राहतात. माझ्या वर्गातील एका बाळाला मराठी आणि तेलुगू अशा दोन आज्या होत्या आणि दर दोन महिन्यांनी त्याच्या डब्यातली भाजी बदलत असे. परवडणाऱ्या दिवसांत तीन दिवस नर्सरी आणि दोन दिवस आजी अशी सांगड घालता येते. अनेक नर्सऱ्या तीन दिवसांची जागा देतात.

प्रश्न : मी बालशिक्षणाची पदविका घेतली असून सिंहगड रस्त्यावरील एका बालवाडीत सहा वर्षे शिकवते. एका एजंटाने अबुधाबीतील नर्सरीत नोकरी लावून देतो असे सांगून एक लाख ऐंशी हजार रुपये मागितले आहेत. आधी पर्यटक व्हिसावर जायचे, काम सुरू करायचे आणि मग व्हिसा बदलून मिळेल, असे तो म्हणतो. विश्वास ठेवावा का? — एक शिक्षिका, पुणे ३०

उत्तर : ठेवू नका, आणि दिलेले पैसे असतील तर पावती जपून ठेवा. पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे बेकायदेशीर आहे. नोकरभरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास अमिरातीच्या कामगार कायद्याने मनाई केली आहे. आपल्या बाजूनेही परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. एजंटाची नोंदणी आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येते. ज्याने तुमच्याकडे त्याच्या सहापट रक्कम मागितली आहे, त्याचे नाव तिथे सापडले तर मला आश्चर्य वाटेल.

आता खऱ्या मार्गाविषयी. शिशुकेंद्रात शिकवणाऱ्या व्यक्तीची नेमणूक तिथल्या नियामकाने मंजूर करावी लागते. दुबईत ते काम केएचडीए ही संस्था पाहते, अबुधाबीत शिक्षण व ज्ञान विभाग आणि शारजात खासगी शिक्षण प्राधिकरण. त्यासाठी तुमची पदवी किंवा पदविका साक्षांकित लागते. प्रथम राज्य शासन, मग आपले परराष्ट्र मंत्रालय, मग भारतातील अमिरातीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि शेवटी तिथले परराष्ट्र मंत्रालय, असा तो कागदांचा प्रवास आहे. सौदी, ओमान आणि बहरीन या देशांना अपोस्टिलचा, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय साक्षांकनाचा, एकच शिक्का चालतो. अमिरातीला तो पुरत नाही. पारपत्र कार्यालयातून मिळणारा पोलिसांचा दाखलाही लागतो. हे सारे नोकरी मिळण्याआधी करून ठेवले, तर मुलाखतीत तुमचे पारडे जड होते.

एक अप्रिय गोष्टही सांगते. तुमची स्पर्धा ब्रिटिश शिक्षिकांशी नाही. ती आहे दुबईतच पतीच्या व्हिसावर राहणाऱ्या, पदवीधर, इंग्रजी बोलणाऱ्या भारतीय आणि फिलिपिनो स्त्रियांशी. त्यांना नेमले, तर नर्सरीला घर द्यावे लागत नाही, तिकीट द्यावे लागत नाही, फक्त कामाचा परवाना काढला की झाले. त्यामुळे सहायक शिक्षिकेच्या जागांवर पुण्याहून कोणाला बोलावण्याची मालकाला घाई नसते. ज्यांच्याकडे ब्रिटिश पद्धतीची तिसऱ्या पातळीची बालसंगोपन अर्हता आहे आणि बाळांच्या वर्गाचा अनुभव आहे, त्यांना मात्र मागणी आहे, कारण तीन बाळांमागे एक हे प्रमाण राखताना माणसे नेहमीच कमी पडतात. करार हाती आला की मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे वेगळे पाहा. नोकरी सोडताना मिळणारी उपदानाची रक्कम (पहिली पाच वर्षे दर वर्षी २१ दिवसांचा पगार) केवळ मूळ वेतनावर मोजतात. मुलांना सोबत नेण्याचा विचार असेल, तर कुटुंबाच्या व्हिसासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा राहण्याच्या सोयीसह ३,००० दिरहम, असावा लागतो.

तुमच्या पत्रात ‘आमचे शिक्षण मराठी माध्यमातले, साधने घरगुती’ असे एक संकोचाचे वाक्य आहे. ते मुलाखतीत उच्चारू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने आणि वाळू हीच त्यांची साधने होती. मी ज्या नर्सरीत काम केले, तिथे अशाच बिया आणि शिंपल्यांचे ‘निसर्ग टेबल’ परदेशी कंपनीकडून खोक्यात भरून मागवले होते. ते खोके उघडताना मला अनावर हसू आले होते.

प्रश्न : बाणेर आणि औंध येथे माझ्या दोन पूर्वप्राथमिक शाळा आहेत. एका बाजार अहवालात अमिरातीतील नर्सरी क्षेत्राच्या वाढीचे फार उत्साहवर्धक आकडे वाचले. दुबईत शाखा काढण्याची ही योग्य वेळ आहे का? — एक उद्योजक, बाणेर

उत्तर : ज्या अहवालाचा सारांश फुकट आणि मूळ प्रत काही लाखांना विकत मिळते, त्यातील वाढीचा दर हा त्या अहवालाच्या विक्रीचाही भाग असतो, एवढे मनाशी धरून पुढे वाचा. मागणी खरी आहे. दुबईची लोकसंख्या २०२० च्या अखेरीस सुमारे ३४ लाख होती, ती २०२४ च्या अखेरीस ३८ लाखांच्या पुढे गेली. ही भर मुख्यतः कामासाठी येणाऱ्या परदेशी लोकांची आहे आणि त्यांत कुटुंब घेऊन येणारे वाढले आहेत. तिथली खासगी शिक्षणाची बाजारपेठच मुळात स्थलांतरितांच्या मुलांनी उभी केली आहे. आज जगभर पसरलेल्या जेम्स शिक्षणसमूहाची सुरुवात १९५९ मध्ये केरळहून दुबईला आलेल्या एका शिक्षक दाम्पत्याने १९६८ मध्ये काढलेल्या शाळेतून झाली, म्हणजे अमिराती हा देश स्थापन होण्याच्याही तीन वर्षे आधी.

कायदाही आता अनुकूल झाला आहे. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी व्यक्तीला शंभर टक्के मालकी घेता येते. स्थानिक भागीदाराला ५१ टक्के देण्याचे दिवस संपले. नर्सरीच्या शिक्षणशुल्कावर मूल्यवर्धित कर शून्य दराने लागतो. ३,७५,००० दिरहमांपुढच्या नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर आहे, पण तो भरण्याइतका नफा होणे ही सुरुवातीला आनंदाचीच बाब ठरेल.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. तुमच्या बाणेरच्या शाळेत मूल अडीच वर्षांचे येते आणि मोठ्या गटापर्यंत तीन वर्षे टिकते. दुबईत तीन वर्षे पूर्ण झालेले मूल मोठ्या शाळेच्या पहिल्या शिशुवर्गात जाते, आणि शाळेत जागा मिळेल न मिळेल या धास्तीने पालक ती संधी सोडत नाहीत. म्हणजे दर सप्टेंबरला तुमच्या नर्सरीतील सर्वांत मोठा, सर्वांत कमी मनुष्यबळात चालणारा आणि म्हणून सर्वांत फायद्याचा वर्ग रिकामा होतो आणि तुमच्याकडे उरतात ती तीनास एक या प्रमाणातली बाळे. त्यात आता भर पडली आहे. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या शाळांसाठी वयाची मोजणी ३१ ऑगस्टऐवजी ३१ डिसेंबरला होणार आहे. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात जन्मलेली मुले त्यामुळे एक वर्ष आधीच शाळेस पात्र ठरतील, म्हणजेच नर्सरीतून एक वर्ष आधी बाहेर पडतील. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना ३१ मार्च हीच तारीख कायम आहे. तुमचे गिऱ्हाईक भारतीय पालक असतील, तर तुमचे वर्ग एप्रिलमध्ये रिकामे होणार की सप्टेंबरमध्ये, हे वस्ती निवडतानाच ठरते.

मग उन्हाळा येतो. जून ते ऑगस्ट पारा ४५ अंशांवर जातो, मुलांना अंगणात नेता येत नाही, निम्मी कुटुंबे मायदेशी गेलेली असतात आणि भाडे मात्र चालूच असते. तिथे भाडे महिन्याला नव्हे, तर वर्षाचे एकदम किंवा दोन-चार पुढील तारखांच्या धनादेशांत द्यायचे असते. आमच्या नर्सरीच्या संचालिका ऑगस्टमध्ये टेबलावर दिनदर्शिका मांडून सप्टेंबरचा धनादेश आणि सप्टेंबरचे प्रवेश यांतले दिवस पेन्सिलीने मोजत बसत. नर्सरी जुमेराच्या एका जुन्या बंगल्यात होती आणि अंगणातल्या लिंबाच्या झाडासह त्या जागेचे भाडे दर नूतनीकरणाला चढत होते.

करोनाच्या काळाने हे अंगावर आणले. १ मार्च २०२० पासून, शाळांच्याही एक आठवडा आधी, देशभरच्या नर्सऱ्या बंद झाल्या. एकेकट्या मालकांच्या पुष्कळ नर्सऱ्या त्यातून उठल्याच नाहीत आणि त्यानंतर हे क्षेत्र साखळ्यांच्या हाती झपाट्याने गेले. दुबईच्या शेअर बाजारात २०२२ मध्ये ७५ कोटी दिरहम उभारणाऱ्या तालीम या शाळासमूहाने २०२५ मध्ये किड्स फर्स्ट या नर्सरीसाखळीतील बहुसंख्य हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला, तो याच ओघातला आहे. मोठ्या शाळेला नर्सरी हवी असते, कारण तिथले मूल पुढे चौदा वर्षे शाळेचे शुल्क भरते. तुमच्याकडे पुढची शाळा नाही.

म्हणून माझे मत असे की, पहिल्याच पावलाला स्वतःच्या नावाचे केंद्र काढू नये. एखाद्या भारतीय शाळेच्या शिशुविभागाला अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण पुरवण्याचा करार मिळतो का पाहा, किंवा चालू नर्सरीत अल्प भागीदारी घ्या आणि एक पूर्ण वर्ष, उन्हाळ्यासकट, तिचे हिशेब पाहा. पुण्यात पालकांना आपण गाणी, गोष्टी आणि स्नेहसंमेलन देतो. तिथे पालक माहितीपत्रक कौतुकाने वाचतात, पण पैसे तासांचे मोजतात. सकाळी साडेसातला दार उघडणार आणि संध्याकाळी सहाला मूल सुखरूप परत देणार, हे ज्याला जमते तोच तिथे टिकतो.

प्रश्न : जावयांची बदली रियाधला झाली आहे. सौदीतही दुबईसारख्याच नर्सऱ्या आहेत का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : वाढत आहेत, पण कारण निराळे आहे. तिथे मागणी सौदी स्त्रियांकडून येते. २०१७ च्या सुमारास एक पंचमांशाहून कमी सौदी स्त्रिया नोकरीच्या बाजारात होत्या. आता हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे गेले आहे आणि नोकरदार मातांना पाळणाघराच्या खर्चात मदत देणारी ‘कुर्रा’ ही सरकारी योजनाही आहे. ती परदेशी कुटुंबांसाठी नाही. उलट परदेशी कर्मचाऱ्यास प्रत्येक आश्रितामागे दरमहा ४०० रियाल शुल्क पडते, म्हणजे मुलगी आणि नातू मिळून वर्षाला ९,६०० रियाल. हे शुल्क कंपनी भरणार की जावई, हे बदलीच्या पत्रात पाहायला सांगा.

प्रश्न : माझा अडीच वर्षांचा नातू दुबईत दिवसभर नर्सरीत असतो. तिथे इंग्रजी, आता अरबीही सक्तीची होणार असे ऐकते. व्हिडिओ कॉलवर तो मला ‘वॉटर’ म्हणतो. मराठी विसरेल का? आणि दोन-तीन वर्षांनी ते पुण्यात परतले, तर शाळेत मागे पडेल का? — एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : शाळेची चिंता आधी मिटवू. महाराष्ट्रात प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरच्या तारखेवर मोजतात. नर्सरीला तीन आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. नातवाचा जन्म दिनांक घेऊन बसा आणि तो कोणत्या वर्षी पहिलीत बसेल ते आजच काढा. तिकडून आलेले मूल वयाच्या मानाने पुढच्या वर्गात असले, तर इथे त्याला एक इयत्ता मागे बसावे लागते. त्यात त्याचे काही बिघडत नाही, बिघडते ते आई-वडिलांच्या मनाचे.

अरबीविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे. दुबईत खासगी शाळा आणि शिशुकेंद्रांतून ती २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आणली जात असून सुरुवात चार ते सहा वर्षांच्या मुलांपासून आहे. गाणी आणि खेळांतून ती शिकवली जाते आणि या वयात तिसरी भाषा मुलांना जड जात नाही.

राहिला ‘वॉटर’चा प्रश्न. नर्सरीत प्रवेश घेताना बाळाच्या सवयींचा एक अर्ज भरून घेतात आणि त्यात पुष्कळ ठिकाणी घरच्या भाषेतील चार-सहा शब्द लिहायला जागा असते. बहुतेक पालक तिथे घाईत ‘इंग्लिश’ एवढेच लिहितात. सूनबाईंना सांगा की, ‘पाणी’, ‘मंमं’, ‘शू’, ‘गाई करायची’ आणि ‘उचलून घे’ हे शब्द रोमन अक्षरांत, अर्थासह, वर्गाच्या बाईंना लिहून द्यावेत. आमच्या बाळांच्या वर्गात कपाटाच्या दारावर असा तक्ता चिकटवलेला असे: मल्याळम, उर्दू, तगालोग, मराठी. मनिलाहून आलेली माझी सहकारी झोपेला आलेल्या एका मराठी मुलाला मांडीवर घेऊन ‘गाई गाई’ असे तिच्या हेलात म्हणत असे आणि तो मिनिटभरात डोळे मिटत असे.